एका काळ्या चकतीची टीसी

सरांनी दिलेलं काम एका ओळीचं होतं. यट्रिअम बेरिअम कॉपर ऑक्साइडची चकती कर आणि तिची टीसी मोजून आण. टीसी म्हणजे क्रांतिक तापमान, ज्याच्या खाली या पदार्थाचा विद्युतरोध नाहीसा होतो, म्हणजे तो अतिवाहक होतो. पुस्तकात आकडा छापलेलाच होता, ९२ केल्विनच्या आसपास. मी मनात दोन आठवडे धरले. लागले पाच महिने, आणि त्यातले शेवटचे तीन महिने 'टीसी किती' याचं उत्तर एका आकड्यात का बसत नाही, हे उमगण्यात गेले.

सुरुवात स्वयंपाकासारखीच असते. दहा ग्रॅम माल हवा असेल तर यट्रिअम ऑक्साइड १.६९ ग्रॅम, बेरिअम कार्बोनेट ५.९२ आणि कॉपर ऑक्साइड ३.५८. धातूंच्या अणूंचं प्रमाण १:२:३, म्हणून लॅबमध्ये सगळे याला 'एक-दोन-तीन' म्हणतात. बेरिअम कार्बोनेट विषारी, त्यामुळे मास्क आणि हातमोजे घालून ॲगेटच्या खलात घोटत बसायचं. पांढऱ्या-काळ्या पुडीचा सगळीकडे सारखा राखाडी रंग येईपर्यंत घोटायचं, आणि तो आला असं वाटल्यावर आणखी अर्धा तास. मग ९३० अंश सेल्सिअसला भट्टीत. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, म्हणून सव्वाअकरा ग्रॅमला जरा कमी भरलेलं मिश्रण बाहेर येतं ते दहाच्या आसपास. पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं. असं तीनदा. शेवटी साच्यात दाबून चकती, आणि ती ९५० अंशांना पक्की भाजायची.

इथे मी घाई केली. भाजून झालं, तशी भट्टी बंद केली आणि ती पुरती निवायच्या आत चकती बाहेर काढली. दिसायला छान काळी, कडक, वाजवली तर टणटणीत. द्रवरूप नायट्रोजनमध्ये घालून रोध मोजला तर तापमान उतरेल तसा तो वाढत गेला. अतिवाहक सोडा, ही धातूसारखीसुद्धा वागेना.

लॅबमधल्या सीनिअर ताईने चकती हातात न घेताच विचारलं, "ऑक्सिजन किती तास दिलास?"

दिलाच नव्हता. साडेनऊशे अंशांना हा पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवत नाही. स्फटिकातल्या काही जागा रिकाम्या राहतात. तो सावकाश निवत असताना, साधारण ६०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात, ऑक्सिजन पुन्हा आत शिरतो आणि तांब्याच्या अणूंबरोबर साखळ्या करून बसतो. तेवढी सवड मिळाली नाही तर रासायनिक घटक तेच राहतात, पण अतिवाहकता जाते. एक्स-रे काढला तेव्हा स्फटिकाच्या दोन बाजू एकाच लांबीच्या निघाल्या. ऑक्सिजन भरपूर असलेल्या चांगल्या सॅम्पलमध्ये त्या वेगळ्या असतात, ३.८२ आणि ३.८९ अँगस्ट्रॉम. माझा अख्खा पराभव त्या ०.०७ अँगस्ट्रॉममध्ये मावत होता. बरं एवढंच की चकती टाकावी लागली नाही. तीच परत भट्टीत ठेवली, नळीतून ऑक्सिजन सोडला, ४५० अंशांना रात्रभर थांबले आणि अगदी हळू निववली. पुढचं सगळं त्याच चकतीवर झालं.

रोध मोजायला चार तारा लागतात. दोन टोकांच्या तारांतून करंट सोडायचा, मधल्या दोन तारांवर व्होल्टेज वाचायचं. तारा चिकटवायला चांदीचा पेंट. दोनच तारा वापरल्या तर सॅम्पलचा रोध शून्य झाला तरी तारांचा आणि जोडांचा रोध उरतोच, आणि शून्य कधी दिसत नाही. माझ्या तुकड्यावर १० मिलिअँपिअर करंटला खोलीच्या तापमानात १६० मायक्रोव्होल्टच्या आसपास रीडिंग यायचं. म्हणजे मुळातच सगळा खेळ बारीक.

पहिल्यांदा रेघ खाली कोसळली ती संध्याकाळ मला आठवते. ड्यूअरमध्ये, म्हणजे नायट्रोजनच्या थर्मासमध्ये, प्रोब (सॅम्पल बसवलेला दांडा) उतरवताना नायट्रोजन आधी खूप खळखळतो, कारण गरम धातूभोवती वाफेचं कवच तयार होतं. मग ते कवच फुटतं, क्षणभर मोठा उकळा येतो आणि सगळं शांत होतं. आलेखावर रोध सरळ रेषेत उतरत होता, १२०, ११०, १०० केल्विन. मग तीन-चार अंशांत रेघ तळाला. लाइडनमध्ये ८ एप्रिल १९११ रोजी कामरलिंग ओनस यांच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्विनच्या आसपास असाच वागला, तेव्हा त्यांना आधी कुठेतरी शॉर्ट सर्किट झालं असावं अशी शंका आली होती म्हणतात. मला तर खात्रीच वाटली. कारण रेघ शून्यावर गेलीच नव्हती, ३ मायक्रोव्होल्टवर थांबली होती.

"करंट उलटा कर," ताई म्हणाली.

उलटा केला. खरा रोध असता तर व्होल्टेज उणे ३ झालं असतं. ते अधिक ३च राहिलं. म्हणजे ते सॅम्पलचं नव्हतंच. तारेचं एक टोक खोलीत, दुसरं ७७ केल्विनला, या तापमानाच्या फरकानेच तारेत जन्मलेलं ते व्होल्टेज होतं. तेव्हापासून प्रत्येक रीडिंग दोनदा घ्यायची सवय लागली, एकदा सुलटा करंट, एकदा उलटा, आणि फरकाचं अर्धं.

त्यानंतर मी एक चूक केली जी अजून आठवली की कान लाल होतात. थंड करताना टीसी ८८ केल्विन आली आणि तापवताना ९६. मी वहीत दोन्हींची सरासरी काढून ९२ लिहिलं आणि पुस्तकाशी जुळलं म्हणून खूश होऊन सरांकडे गेले.

सरांनी वही पाहिली. "मधले आठ केल्विन कुठे गेले?"

"सर, सरासरी काढली."

"चुकांची सरासरी काढून खरं उत्तर कसं येईल? जा, थर्मामीटर कुठे चिकटवलाय ते बघून ये."

तो तांब्याच्या ठोकळ्याच्या खालच्या अंगाला होता, नायट्रोजनच्या जवळ. सॅम्पल वर. थंड करताना थर्मामीटर आधी गार व्हायचा आणि सॅम्पल मागे राहायचं, तापवताना थर्मामीटर आधी गरम व्हायचा. मी मोजत होते ती माझ्याच उतावळेपणाची रुंदी होती. थर्मामीटर सॅम्पलला पाठीला पाठ लावून बसवला आणि मिनिटाला अर्ध्या केल्विनपेक्षा कमी वेगाने उतरले, तशा दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक आल्या. उतार सुरू ९२ला, शून्य ८९.५ला. ७७ केल्विनला उकळणाऱ्या नायट्रोजनने हे काम होतं याचं आज कुणाला काही वाटत नाही, पण १९८६मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी लँथनमच्या ऑक्साइडमध्ये तिशीच्या घरातली अतिवाहकता दाखवली आणि पुढच्याच वर्षी यट्रिअमच्या भावंडाने नव्वदी ओलांडली, त्याआधी माझ्यासारख्या शिकाऊ मुलीच्या हाती त्यासाठी लागणारं महागडं हेलियम कुणी दिलं नसतं.

तर आता माझ्याकडे दोन आकडे होते, ९२ आणि ८९.५. मी विचारलं, यातली टीसी कुठली? सर म्हणाले, "चुंबकाला विचार."

आधी मी गंमत म्हणून एक बोटाच्या पेराएवढा चुंबक प्रोबच्या बाहेर धरला आणि पुन्हा रोध मोजला. वरचं टोक ९२वरून हललं नाही. खालचं शून्य मात्र ८६ला घसरलं. एवढ्याशा चुंबकीय क्षेत्राने पुस्तकातला आकडा जागेवर राहतो आणि शून्य तीन-साडेतीन केल्विन खाली सरकतं, हे मला पटेना. चुंबक काढला, परत मोजलं, परत ८९.५. तीनदा करून पाहिलं.

मग एसी ससेप्टिबिलिटीची, म्हणजे मागेपुढे हलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला सॅम्पल किती प्रतिसाद देतं ते मोजायची, मांडणी हाती आली. बाहेर एक कॉइल, तिच्यात बारीक एसी करंट सोडून चुंबकीय क्षेत्र तयार करायचं. आत दोन सारख्या कॉइल, एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या, म्हणजे दोघींचं व्होल्टेज एकमेकांना खोडून टाकतं. एकीत सॅम्पल ठेवलं की तोल ढळतो, आणि ढळलेला भाग लॉक-इन ॲम्प्लिफायर, म्हणजे फक्त त्याच वारंवारतेचा सिग्नल वेचणारं यंत्र, वाचतो. वारंवारता ३३३ हर्ट्झ ठेवली, म्हणजे मेन्सच्या ५० हर्ट्झच्या पटीत येऊन गोंधळ घालणार नाही. सॅम्पलला कुठे तार जोडावी लागत नाही, हा मोठा दिलासा. त्याआधी एकदा मी थंड प्रोब तसाच उघड्या हवेत काढला होता. त्यावर दव धरलं, चांदीच्या चारही टिकल्या सुटल्या आणि ओलावा लागलेला चकतीचा कोपरा दोन दिवसांत पांढुरका पडला. या पदार्थाचं आणि पाण्याचं अजिबात जमत नाही.

लॉक-इन दोन आकडे देतो. एक क्षेत्राच्या तालावर चालणारा, म्हणजे सॅम्पल क्षेत्राला किती बाहेर ढकलतंय ते. दुसरा तालाच्या मागे रेंगाळणारा, म्हणजे त्या ढकलाढकलीत ऊर्जा किती वाया जातेय ते. मला पायरी एकच अपेक्षित होती. आल्या दोन. ९१ केल्विनला एक लहानसा गुडघा आणि ८८च्या आसपास मोठी घसरण. रेंगाळणाऱ्या आकड्याचं शिखरही त्या मोठ्या घसरणीच्या ठिकाणीच. क्षेत्र ०.१ ऑर्स्टेड (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) होतं. ते वाढवत ५ ऑर्स्टेडवर नेलं, तर गुडघा जागच्या जागी आणि मोठी घसरण ८२पर्यंत खाली.

सॅम्पल खराब आहे असं ठरवून मी मोकळी झाले असते. पण भाजलेल्या चकतीचं स्वरूपच तसं असतं. ती एकसंध नसते, बारीक कणांचा घट्ट ढीग असतो. ९१ला प्रत्येक कण आपापला अतिवाहक होतो आणि स्वतःपुरतं क्षेत्र बाहेर ठेवतो. पण कणाकणांमधले सांधे कमकुवत. त्या सांध्यांतून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या पलीकडे जातात त्या बोगद्यातून गेल्यासारख्या, ब्रायन जोसेफसन यांनी १९६२मध्ये सांगितलेल्या परिणामाने, आणि असा सांधा फार थोडा करंट पेलतो. तापमान आणखी उतरलं की सांधे बळकट होतात आणि मग करंट अख्ख्या चकतीभोवती फिरू लागतो. हीच दुसरी पायरी. बाहेरचं क्षेत्र वाढवलं की सांधे आधी हार मानतात, कण मात्र ढिम्म राहतात. चुंबक जवळ आणल्यावर ९२ हललं नव्हतं आणि शून्य हललं होतं, त्याचं कारण आता दिसलं. शून्य रोधासाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड वाट हवी, आणि ती वाट सांध्यांतूनच जाते.

वाया जाणाऱ्या ऊर्जेच्या शिखराचा अर्थ मला सगळ्यात आवडला. थंडी कडक असताना क्षेत्र फक्त कडेला शिरतं, आत पोचत नाही, म्हणून नुकसान थोडं. टीसीच्या अगदी जवळ क्षेत्र सहज आरपार जातं, अडवायला कुणी नाही, म्हणून तेव्हाही थोडं. मधे कुठेतरी अशी अवस्था येते की प्रत्येक फेरीत क्षेत्र धडपडत जेमतेम मध्यापर्यंत पोचतं आणि परत फिरतं. घर्षण तेव्हा सर्वाधिक. १९६२मध्ये बीन यांनी मांडलेल्या साध्या चित्रातून हे कागदावर काढता येतं आणि त्यावरून सांध्यांची करंट पेलायची ताकदही मोजता येते.

सरळ करंटाला रोध शून्य आणि एसीला मात्र ऊर्जा वाया, हा विरोधाभास मला बराच काळ टोचत होता. माझ्या ३३३ हर्ट्झला दोष सॅम्पलमध्ये शिरून अडकलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या बारीक भोवऱ्यांचा, पण शुद्ध, निर्दोष अतिवाहकातही एसीचं नुकसान शून्य नसतं. टीसीच्या खाली सगळे इलेक्ट्रॉन जोड्या करत नाहीत, काही उष्णतेने सुटे राहतात. सरळ करंटात जोड्या सगळा भार उचलतात आणि सुटे नुसते बसून असतात. क्षेत्र मागेपुढे हलायला लागलं की जोड्यांना वळवायला थोडं विद्युतक्षेत्र लागतं आणि ते सुट्यांनाही ढकलतं. वारंवारता वाढली की हे नुकसान साधारण तिच्या वर्गाने वाढतं. म्हणून कणत्वरकातली नायोबिअमची पोकळ भांडी ९.२ केल्विनला अतिवाहक होत असली तरी २ केल्विनच्या आसपास चालवतात. तिथे सुटे इलेक्ट्रॉन फारच थोडे उरतात. आणि वारंवारता इतकी वाढवली की एकेक फोटॉनच जोडी फोडू शकेल, तर अतिवाहक साध्या धातूसारखा वागू लागतो. प्रकाश त्याच्याही कितीतरी पलीकडचा. म्हणूनच ड्यूअरमध्ये कितीही निरखून पाहिलं तरी ९५ केल्विनची आणि ८५ केल्विनची चकती सारखीच काळी दिसते. मी पाहिलंय, निरखून.

ससेप्टिबिलिटीचा आकडा आणखी एका कारणाने छळून गेला. पूर्ण अतिवाहकाचा तो उणे १ असायला हवा, त्याखाली जागाच नाही. माझा उणे १.४ आला. दोन दिवस कॉइलचे वेढे मोजण्यात घालवले. चूक कॉइलमध्ये नव्हती. माझा तुकडा आखूड आणि जाड होता. हाकलून दिलेल्या चुंबकीय रेषा त्याच्या कडेने वळसा घालून जाताना दाटतात, त्यामुळे कडेला क्षेत्र बाहेरच्यापेक्षा जास्त होतं. नुसत्या गोळ्यालाही उणे १.५ मिळतं. आकाराची दुरुस्ती केल्यावर आकडा गुपचूप उणे १च्या जवळ आला.

मी सरांना सांगितलं की चकती शंभर टक्के अतिवाहक आहे.

"पोकळ डबा ठेवला असतास तरी हेच आलं असतं," सर म्हणाले.

खरंच होतं. एसी मोजमापात बाहेरच्या कवचातले करंट क्षेत्राला दारातच अडवतात, आत काय आहे ते कळत नाही. एखादा काल्पनिक परिपूर्ण वाहकही हेच करील. अतिवाहकाची खरी ओळख वेगळी. क्षेत्र आधीपासून आत असताना त्याला थंड केलं तर तो ते बाहेर काढतो का? १९११नंतर तब्बल २२ वर्षं बहुतेकांचा समज होता की काढणार नाही, आत असलेलं क्षेत्र तिथेच गोठेल. १९३३मध्ये माइसनर आणि ऑक्सनफेल्ड यांनी कथील आणि शिसं थंड करून दाखवलं की ते बाहेर पडतं. वाट कुठलीही घ्या, शेवट तोच.

मी दोन्ही वाटांनी गेले. आधी क्षेत्राशिवाय थंड करून मग क्षेत्र लावलं, नंतर क्षेत्र लावून थंड केलं. पहिल्या वाटेने भरघोस उणे आकडा. दुसऱ्या वाटेने त्याचा चौथा हिस्सा. म्हणजे माझी चकती माइसनर-ऑक्सनफेल्ड यांचं चौथा हिस्साच ऐकत होती. उरलेलं क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपात आत अडकून बसलं होतं, प्रत्येक भोवऱ्यात २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर इतकाच फ्लक्स, ना कमी ना जास्त. निर्दोष स्फटिकात हे भोवरे सरकून निघून गेले असते. माझ्या चकतीतला प्रत्येक खड्डा, प्रत्येक अपुरा घोटलेला दाणा त्यांना धरून ठेवत होता. गंमत अशी की लोहचुंबक चकतीच्या वर अधांतरी आणि खिळल्यासारखा राहतो तो याच दोषांमुळे. शुद्ध माइसनर परिणामावर तो बाजूला घसरून पडायचीच शक्यता जास्त.

अडकलेलं क्षेत्र किती टिकतं हे पाहायचं मी स्वतःच ठरवलं. चुंबकासकट चकती थंड केली, चुंबक काढून घेतला आणि चकतीवर चुंबकीय क्षेत्र मोजायचा हॉल प्रोब टेकवून बसले. रात्री दहाला सुरुवात. पहिल्या मिनिटाला १८.० गॉस. दहाव्या मिनिटाला १६.९. मी हिशेब केला, या वेगाने तीन तासांत सगळं संपेल. शंभराव्या मिनिटाला मात्र १५.८. पहिल्या नऊ मिनिटांत जेवढं गेलं तेवढंच पुढच्या नव्वद मिनिटांत. उष्णतेच्या धक्क्यांनी भोवरे आपल्या खड्ड्यातून उडी मारतात, पण जसजसे ते विखुरतात तसा त्यांच्यामागचा रेटाही कमी होतो, म्हणून प्रत्येक पुढची उडी आधीपेक्षा महाग. आलेखाचा कागद बदलला, वेळ लॉगरिदमवर घेतली आणि तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत बसले. रेषा पुढे वाढवली तर हजाराव्या मिनिटाला १४.७ यायला हवे होते. हजार मिनिटं म्हणजे पावणेसतरा तास.

नायट्रोजन ओतत राहिले. पहाटे पाचला वीस मिनिटं कमी असताना चारशेव्या मिनिटाची नोंद घेतली, १५.१, रेषेवरच. नंतर टेबलावर डोकं टेकलं. जाग आली तेव्हा ड्यूअर कोरडा होता, प्रोबवर बर्फाचं पाणी झालं होतं आणि मीटर शून्याच्या आसपास हेलकावत होता.

पुढच्या आठवड्यात मोठा ड्यूअर घेऊन पुन्हा बसले, या वेळी ताईबरोबर पाळ्या लावून. हजाराव्या मिनिटाला १४.८ आले.